ठासणीच्या रायफलीत दर बाराला वेग बदलतो आणि ग्रुप पसरतो: दोष नेमका कुठे शोधावा

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायच्या, रायफलीची चाचणी घेताना एक तक्रार पुन्हा पुन्हा समोर येते. दारू तीच, गोळी तीच, गोळीभोवती गुंडाळायची चिंधी तीच, तरीही वेगमापकावर एका बाराला १७८० फूट प्रति सेकंद असा आकडा उमटतो, पुढच्याला १६६० आणि त्याच्या पुढच्याला १८१०; टार्गेटजवळ जाऊन पाहावे तर ५० यार्डांवर गोळ्यांच्या भोकांचा घोळका, म्हणजे ग्रुप, चार-पाच इंच पसरलेला असतो. मधेच एखाद्या दिवशी सगळे जुळून येते, दोष गेला असे वाटते आणि पुढच्या चाचणीला तो पुन्हा हजर होतो. अशा वेळी बहुतेक जण पहिला हात दारूच्या मापाला घालतात, कारण बदलायला सर्वांत सोपी गोष्ट तीच असते. माझे स्पष्ट मत असे आहे की माप ही शेवटी तपासायची गोष्ट आहे. त्याआधी वेगमापक खरे सांगतो आहे का, चिंधी टिकते आहे का आणि प्रत्येक बाराच्या वेळी नळीची स्थिती सारखी आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे हाती यायला हवीत. ती नसतील तर मापात केलेला कोणताही बदल म्हणजे अंदाजावर रचलेला दुसरा अंदाज ठरतो.

पुढचे आकडे ०.५० इंच व्यासाची आटेदार (आतून पीळदार खाचा असलेली) नळी, ०.४९० इंच व्यासाची शुद्ध शिशाची गोल गोळी, तिच्याभोवती सुती चिंधी आणि काळी दारू, हे गृहीत धरून दिले आहेत. अशा गोळीचे वजन सुमारे १७७ ग्रेन (साधारण साडेअकरा ग्रॅम) भरते. इतर व्यासांच्या नळ्यांसाठी आकडे बदलतील, पण तपासाचा क्रम तोच राहील.

तपास सुरू करण्यापूर्वी काही गोष्टी ठाम ठरवून घ्याव्यात. या रायफलीत फक्त काळी दारू किंवा उत्पादकाने मान्य केलेला तिचा पर्यायच वापरायचा. धूरविरहित दारूचा अंशही नळीत जाता कामा नये, कारण तिचा दाब ही नळी सहन करू शकत नाही. उत्पादकाने सांगितलेली कमाल मात्रा कोणत्याही प्रयोगासाठी ओलांडायची नाही. दारू भांड्यातून थेट नळीत ओतायची नाही. आधी मापात घ्यायची आणि मग ओतायची, कारण आधीच्या बाराची ठिणगी नळीत राहिली असेल तर पेट फक्त मापातल्या दारूला बसतो, हातातल्या सगळ्या भांड्याला नाही. बार उडाला नाही तर नळीचे तोंड टार्गेटकडेच ठेवून किमान एक मिनिट थांबायचे. वेगमापकाशी खटपट करायला पुढे जाताना रायफल भरलेली असता कामा नये.

वेगातील तफावत टार्गेटवर किती दिसते

या तक्रारीतला सर्वांत मोठा गैरसमज असा की वेग अस्थिर आहे म्हणूनच ग्रुप पसरतो आहे. हा संबंध हिशेब करून पाहिला पाहिजे, कारण पुढच्या तपासाची दिशा त्यावर ठरते.

नळीतून १८०० फूट प्रति सेकंद वेगाने निघालेली गोळी आणि १७०० फूट वेगाने निघालेली गोळी यांच्या घसरणीतला फरक ५० यार्डांवर सुमारे ०.२ इंच येतो. शंभर फुटांची तफावत ही कोणत्याही निकषाने मोठी आणि लाज वाटावी अशी असते, तरी ५० यार्डांवर ती पाव इंचाइतकाही ग्रुप वाढवत नाही. १०० यार्डांवर हाच फरक एका इंचाच्या जवळ पोहोचतो, कारण गोल गोळी हवेत फार लवकर मंदावते आणि तेवढ्या अंतरात तिच्या मूळ वेगाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग गेलेला असतो. म्हणजे ५० यार्डांवर चार इंचांचा ग्रुप पडत असेल, तर त्याचा दोष वेगमापकावरच्या आकड्यांना देता येत नाही. बहुधा वेग बिघडवणारे आणि ग्रुप बिघडवणारे कारण एकच असते, जसे की फाटलेली चिंधी. पण ते कारण आकड्यांत गुंतून सापडत नाही. याची एक उपयोगी कसोटी आहे. ग्रुप उभा लांबलेला आहे, आडवा पसरलेला आहे की सर्व बाजूंनी विखुरलेला आहे, हे आधी पाहावे. वेगाच्या तफावतीने फक्त उभी लांबण येते. आडव्या पसरणीचा वेगाशी काहीही संबंध नाही.

आडव्या पसरणीबद्दल बोलतानाच वाऱ्याचा हिशेब मांडतो, कारण त्याकडे फार दुर्लक्ष होते. ताशी १० मैलांचा आडवा वारा अशा गोळीला ५० यार्डांवर सुमारे दोन इंच आणि १०० यार्डांवर नऊ ते दहा इंच ढकलतो. दारू वाढवून यातून सुटका होईल अशी आशा ठेवू नये: १४०० फुटांनी सुटलेली आणि १८०० फुटांनी सुटलेली गोळी १०० यार्डांवर वाऱ्याने जवळपास सारखीच ढकलली जाते, कारण वेगवान गोळी हवेच्या रोधाने तितकीच जास्त मंदावते. म्हणून पहिली चाचणी वारा पडलेल्या वेळी, शक्यतो सकाळी लवकर आणि ५० यार्डांवरच घ्यावी.

आधी यंत्रावर शंका घ्यावी

प्रकाशावर चालणारा वेगमापक दोन पडद्यांवरून जाणाऱ्या सावलीमधला वेळ मोजतो. ठासणीच्या रायफलीच्या तोंडातून मात्र गोळीबरोबर धुराचा लोट, न जळलेले दाणे, चिंधी आणि दाबाची लाट एवढे सगळे बाहेर पडते आणि त्यातले काहीही पहिला पडदा चालू करू शकते. आधुनिक काडतुसी रायफलीसाठी पुरणारे अंतर इथे पुरत नाही. यंत्र तोंडापासून किमान १५ फुटांवर ठेवावे आणि शक्य असल्यास मध्ये भोक पाडलेला पुठ्ठ्याचा किंवा प्लायवुडचा पडदा उभा करावा, म्हणजे धूर आणि दाणे अडतील आणि गोळी भोकातून जाईल. एवढ्या अंतरावर मिळालेला आकडा तोंडावरच्या खऱ्या वेगापेक्षा ४० ते ४५ फुटांनी कमी असतो, कारण सुरुवातीला गोळी दर यार्डाला आठ-नऊ फूट वेग गमावते. तुलना करायची असेल तर अंतर दर वेळी तेच ठेवावे. दोन वेगवेगळ्या अंतरांवर घेतलेले आकडे शेजारी शेजारी मांडण्यात अर्थ नसतो.

खोटे आकडे ओळखण्याच्या काही खुणा आहेत. मात्रा बदलली तरी आकडे ११२५ ते ११५० फुटांच्या आसपासच घुटमळत असतील, तर यंत्र गोळी न मोजता दाबाची लाट मोजत असल्याची दाट शक्यता असते. वीस अंश सेल्सिअस तापमानाला ध्वनीचा वेग सुमारे ११२५ फूट प्रति सेकंद असतो. मधेच २६०० किंवा ६०० असा आकडा आला, तर तो सरासरीत धरू नये, पण वहीत मात्र लिहून ठेवावा, कारण असे आकडे वारंवार येत असतील तर मधले आकडेही संशयास्पद ठरतात. ढगांची सावली सरकत असताना आणि ऊन तिरपे पडलेले असताना प्रकाशाचे यंत्र चुकते. पडदे गोळीच्या मार्गाशी तिरपे असले तरीही चुकते.

रडारचा वेगमापक धुराने फसत नाही, पण त्याचीही एक अडचण आहे. तो गोळीऐवजी मागून येणाऱ्या चिंधीवर किंवा प्लास्टिकच्या कवचावर लक्ष धरू शकतो. यंत्रात अंतरागणिक वेगाची नोंद दिसत असेल तर ती पाहावी: गोळीचा वेग सलग आणि हळूहळू उतरतो, तर चिंधीचा पहिल्या काही यार्डांतच कोसळतो. नळीला बांधायच्या वेगमापकाने वेग मोजावा, पण त्याच वेळी ग्रुप मोजू नये; नळीच्या टोकाला वजन लटकले की गोळी कुठे लागते तेही बदलते.

गोळीचा वेग मोजणे हे काम मुळातच नाजूक आहे. १७४२ साली इंग्लंडमध्ये बेंजामिन रॉबिन्स यांनी लोंबकळत्या जड फळीवर गोळी मारून, फळी किती हलली यावरून वेग काढण्याची रीत प्रसिद्ध केली, तेव्हा हवेचा रोध तोवर मानला जात होता त्याहून कितीतरी मोठा असल्याचे प्रथमच आकड्यांत दिसले. आजची यंत्रे सोपी झाली आहेत, पण आपण नेमके काय मोजतो आहोत हा प्रश्न प्रत्येक चाचणीत स्वतःला विचारावाच लागतो.

पडलेल्या चिंध्या गोळा कराव्यात

या संपूर्ण तपासात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलका पुरावा जमिनीवर पडलेला असतो. नळीच्या तोंडासमोर पंधरा-वीस पावलांच्या आत उडालेल्या चिंध्या सापडतात. रेंज थांबवून त्या वेचाव्यात आणि बारांच्या क्रमाने ठेवता आल्या तर उत्तमच.

चांगली चिंधी मध्यभागी काळी-तपकिरी पडलेली असते, तिच्यावर आट्यांच्या कडांचे ठसे वर्तुळात समान अंतरावर उमटलेले असतात आणि कापड मात्र शाबूत असते. ती धुतली तर पुन्हा वापरता येईल अशी दिसते. मधोमध जळून भोक पडले असेल, तर कापड पातळ आहे, वंगण कमी आहे किंवा मात्रेच्या मानाने दोन्ही अपुरे आहेत. आट्यांच्या ठशांवर सरळ कापल्यासारख्या चिरा असतील, तर नळीच्या तोंडाची कड किंवा नव्या नळीतल्या आट्यांच्या कडा धारदार आहेत. हे निश्चित करायचे असेल तर दारू न घालता चिंधीसह गोळी थोडीशीच आत ढकलून, गोळी काढण्याच्या स्क्रूने ती परत बाहेर ओढावी. चिंधी तिथेच कापलेली दिसली तर दोष तोंडाच्या कडेचा आहे. चिंधीच्या सगळ्या कडा झिरमिळ्या होऊन ती चिंध्यांची चिंधी झाली असेल, तर वायू गोळीच्या कडेने पुढे निसटतो आहे. तो दर बाराला वेगवेगळ्या प्रमाणात निसटतो आणि वेगातली तफावत इथूनच येते.

उपाय कारणाप्रमाणे बदलतो. कापड नेहमी शुद्ध सुती किंवा लिननचे आणि घट्ट विणीचे घ्यावे. कृत्रिम धाग्याचे कापड वितळून नळीत चिकटते. निवडलेले सुती कापड आधी धुवून त्यातली खळ काढून टाकावी. जाडी मायक्रोमीटरने मोजावी आणि मोजताना कापड दाबून मोजावे, कारण सैल मापाने ०.०१८ इंच वाटणारे कापड दाबल्यावर ०.०१५ इंच भरू शकते. एका वेळी ०.००२ ते ०.००३ इंचांनी जाडी वाढवत जावे आणि प्रत्येक जाडीला पाच-सहा चिंध्या पाहाव्यात. नव्या नळीच्या धारदार कडा बारांच्या वापराने हळूहळू मऊ होतात. तेवढा धीर नसेल तर बारीक पॉलिशने नळी घासण्याचे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. तोंडाची कड घरी घासू नये, ती एका बाजूला जास्त घासली गेली तर ग्रुप कायमचा बिघडतो.

वंगणाबाबत एकच सूचना महत्त्वाची आहे: प्रत्येक चिंधीत ते सारखे असावे. बोटाने फासलेली किंवा तोंडात ओली केलेली चिंधी शिकारीला चालते, चाचणीला नाही. सगळ्या चिंध्या एकाच वेळी भिजवून, दाबून आणि सपाट वाळवून ठेवल्या तर हा घटक हिशेबातून निघून जातो. खनिज तेलाचा काळ्या दारूच्या अवशेषांशी संयोग होऊन डांबरासारखा मळ बनतो, म्हणून वनस्पती किंवा प्राणिज चरबीचे वंगण बरे. फार ओली चिंधी भरून रायफल काही मिनिटे तशीच ठेवली, तर ओल खालच्या दारूत उतरते आणि तेवढाच बार मंद पडतो.

काजळी: खरा गुन्हेगार बहुधा हाच

काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन पदार्थांच्या रूपात उरतो. त्यातला बराच धुराबरोबर बाहेर जातो, उरलेला नळीत बसतो. म्हणजे दुसरा बार पहिल्याच्या नळीतून सुटत नाही. तो थोड्या अरुंद, थोड्या खरखरीत नळीतून सुटतो, आणि पाचवा त्याहूनही वेगळ्या. या अवशेषांतले पोटॅशियम कार्बोनेट हवेतली ओल शोषते, त्यामुळे दमट दिवशी काजळी मऊ राहते आणि कोरड्या उन्हात ती टणक पापुद्रा धरते. एकाच रायफलीचे, एकाच मात्रेचे, दोन ऋतूंतले निकाल वेगळे का येतात याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे, आणि तक्रार जाऊन पुन्हा परत का येते याचेही.

काजळीचे महत्त्व सैन्यालाही चुकवता आले नाही. १८५७ साली ब्रिटिश सैन्याने व्हिटवर्थची षट्कोनी नळीची रायफल आपल्या नेहमीच्या एनफिल्ड रायफलीच्या शेजारी तपासली. ०.४५१ इंच व्यासाच्या, नळीतला पीळ २० इंचांत एक फेर घेणाऱ्या व्हिटवर्थने ०.५७७ इंच व्यासाच्या, ७८ इंचांत एक फेर घेणाऱ्या एनफिल्डला अचूकतेत सहज मागे टाकले. तरीही सैन्याने ती स्वीकारली नाही. किंमत मोठी होती आणि नळी लवकर काजळत होती. कागदावरची अचूकता दहाव्या-बाराव्या बाराला टिकत नसेल तर तिचा उपयोग मर्यादित राहतो, ही गोष्ट चाचणी घेणाऱ्याने मनात पक्की ठेवावी.

उपाय असा की प्रत्येक बारानंतर नळी एकाच पद्धतीने पुसावी. एक दमट चिंधी आणि तिच्यामागून एक कोरडी, एवढे बहुधा पुरते. दमट म्हणजे ओली नव्हे: पिळल्यावर थेंब पडता कामा नये. चिंधी एका सलग, सावकाश हालचालीने तळापर्यंत न्यावी, क्षणभर थांबावे आणि तशीच बाहेर ओढावी. वरखाली घासत राहिले की काजळीचा चिखल होऊन तो तळाशी दारूच्या जागेत आणि टोपीकडून (घोड्याच्या आघाताने पेटणाऱ्या स्फोटक टोपणाकडून) येणाऱ्या ठिणगीच्या वाटेत बसतो, आणि मग पुढचा बार उशिरा उडतो किंवा उडतच नाही. गजाच्या पितळी टोकाचे माप इथे कळीचे आहे. ते इतके घट्ट असेल की जाताना काजळी समोर ढकलत नेईल, तर वर सांगितलेला दोष पुसण्यानेच निर्माण होतो. टोक किंचित लहान असावे, म्हणजे चिंधी जाताना काजळीवरून सरकते आणि येताना गोळा होऊन ती ओढून आणते. टोक बदलल्यावर बार न उडण्याची तक्रार संपल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, आणि त्यात दारूचा काहीही दोष नसतो.

न पुसता सलग बार काढायचे असतील तर तेही चालते, पण मग तशीच चाचणी घ्यावी. आंतरराष्ट्रीय ठासणी स्पर्धांत ३० मिनिटांत १३ बार काढायचे असतात आणि त्यांतले उत्तम १० धरले जातात. तिथे जाणाऱ्याने आपली रीत त्याच वेगाने आणि तेवढ्याच बारांसाठी तपासून पाहिली पाहिजे.

पहिल्या बाराची गोष्ट वेगळी. साठवणीचे तेल लावलेल्या नळीतून सुटलेली पहिली गोळी दुसरीकडेच जाते. चाचणीआधी अल्कोहोलने तेल पुसून काढावे आणि पहिला बार, शक्य तर पहिले दोन, मोजणीतून वगळावेत.

ठासण्याचा जोर

काळी दारू दाबली की तिची जळण्याची रीत बदलते, म्हणून एकदा हलक्या हाताने आणि एकदा सगळा भार टाकून ठासलेल्या बारांचे वेग वेगळे येणारच. दारूवर गोळी पूर्ण टेकलेली असावी, मध्ये पोकळी राहू नये. पोकळी राहिली तर वेगाची गोष्ट दूरच, नळी फुगण्याचा किंवा फुटण्याचा धोका असतो. ठरलेल्या मात्रेवर गोळी नीट बसल्यावर गज तोंडाशी जिथे येतो तिथे त्याच्यावर खूण करून ठेवावी. दर बाराला ती खूण पाहिली म्हणजे सुरक्षितता आणि सातत्य दोन्ही एका नजरेत कळतात: खूण वर राहिली तर काजळीचे कडे आडवे आले आहे किंवा दारू दोनदा पडली आहे. अशा वेळी बार उडवू नये.

जोर सारखा ठेवण्यासाठी दणके देऊ नयेत. गज उंचावरून गोळीवर आपटल्याने मऊ शिसे चपटे होते. गोळी टेकल्यावर एकच ठाम दाब द्यावा आणि थांबावे. हा दाब न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर गज दाबून सरावाने ठरवता येतो. सराव अर्थातच रिकाम्या रायफलीवर करावा.

माप आणि गोळ्या

माप घनफळाचे असते. ते थोडे जास्त भरून, ठराविक वेळा टिचकी मारून सपाट केले, तर मात्रा साधारण एका ग्रेनच्या आत सारखी राहते. एका ग्रेनने वेगात पाच ते दहा फुटांचा फरक पडतो. शंभर फुटांची तफावत मापामुळे येत असेल तर मापात दहा ग्रेनपेक्षा मोठी चूक होत असली पाहिजे, आणि इतकी मोठी चूक डोळ्यांना दिसल्याशिवाय राहत नाही. म्हणूनच मी माप शेवटी ठेवतो. पायरोडेक्ससारखा पर्याय वापरताना मात्र तो वजनाने नव्हे तर घनफळानेच घ्यावा. तो काळ्या दारूपेक्षा हलका आहे आणि वजनाने घेतल्यास मात्रा धोकादायकरीत्या वाढते.

गोळ्या वजन करून वेगळ्या कराव्यात. ओतीव गोळीत हवेची पोकळी राहिली तर ती हलकी भरते आणि तिचा गुरुत्वमध्य सरकतो. १७७ ग्रेनच्या घोळक्यात १७४ ग्रेनची गोळी दिसली तर ती सरावाला ठेवावी. ओतताना राहिलेला देठ नेहमी वरच्या बाजूला, बरोबर मध्यभागी ठेवून गोळी भरावी.

पेट घेण्यातला विलंब

टोपीच्या रायफलीत निपलचे, म्हणजे टोपी जिच्यावर बसते त्या पोकळ नळकांडीचे, भोक झिजून मोठे झाले की वायू मागे निसटतो. याची खूण सोपी आहे: बार उडताना घोडा आपोआप मागे फेकला जातो. असे दिसले की निपल बदलावी, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये. चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या) रायफलीत कानाचे, म्हणजे ज्वाळा नळीत शिरते ते बाजूचे, भोक नवे असताना साधारण १.६ मिलिमीटरचे असते. ते दोन मिलिमीटरच्या पुढे गेले तर नवा आतला तुकडा बसवून घ्यावा. रंजक, म्हणजे बाहेर ठेवलेली पेटवणीची बारीक दारू, भोकावर रचू नये. भोक रंजकाने भरले तर ते वातीसारखे जळत आत जाते आणि विलंब होतो. ज्वाळा थेट भोकातून आत उडी मारेल अशा बेताने रंजक थोडे बाजूला आणि कमी ठेवावे.

विलंबाचा परिणाम वेगमापकावर फारसा दिसत नाही, टार्गेटवर मात्र स्पष्ट दिसतो. चाप ओढल्यानंतर गोळी बाहेर पडेपर्यंत रायफल हातात हलत असते. वेग एकसारखा आणि ग्रुप मात्र विखुरलेला असेल, तर आधी इथे पाहावे, आणि बार उडाल्यानंतरही माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) टार्गेटवर धरून ठेवण्याचा सराव करावा.

वेग एकसारखा, तरीही ग्रुप उघडा

इथे रायफलीचे शरीर तपासावे लागते. नळी दस्त्यात अडकवणारी पाचर सैल असेल, नळीच्या मागच्या शेपटीला दस्त्याशी धरणारा स्क्रू ढिला असेल किंवा माशी खोबणीत हलत असेल, तर दारूगोळ्याचा कोणताही प्रयोग वाया जातो. टेकूवर रायफल दर वेळी पुढच्या लाकडाच्या त्याच जागी ठेवावी. उघडी नळी कधीही टेकवू नये.

गोल गोळीऐवजी लांबट गोळी वापरत असाल तर नळीचा पीळ पाहावा. ग्रीनहिल यांनी १८७९ साली दिलेल्या नियमाप्रमाणे इंचांतल्या व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणून लांबीने भागले की किती इंचांत एक फेर हवा ते मिळते. ०.५० इंच व्यासाच्या आणि एक इंच लांबीच्या गोळीला हा आकडा ३७.५ इंच येतो. गोल गोळीसाठी बनवलेल्या ६६ इंचांत एक फेर घेणाऱ्या नळीतून अशी गोळी स्थिर जाणार नाही, टार्गेटवर ती लांबुळकी भोके पाडेल, आणि कोणतेही वंगण किंवा पुसण्याची रीत हे बदलू शकणार नाही.

किती बार पुरेसे

पाच बारांवरून निष्कर्ष काढण्याची सवय सोडणे भाग आहे. पाच बारांतून काढलेले प्रमाण विचलन (वेग सरासरीपासून साधारण किती दूर पडतात त्याचे माप) खऱ्या विचलनाबद्दल फारच ढिला अंदाज देते: खरे विचलन त्याच्या ०.६ पटीपासून जवळपास २.९ पटीपर्यंत कुठेही असू शकते. दहा बार घेतले तर ही मर्यादा ०.७ ते १.८ पटींवर येते. सर्वाधिक आणि सर्वांत कमी वेगातला फरक तर बारांच्या संख्येबरोबर आपोआप वाढतो, पाच बारांना तो विचलनाच्या सरासरी २.३ पट आणि दहाला ३.१ पट असतो, म्हणून पाच बारांच्या फरकाची दहा बारांच्या फरकाशी तुलना करून दुसरी मात्रा वाईट ठरवणे अन्यायाचे होते. दहा-दहा बारांचे संच घ्यावेत, एका संचात एकच गोष्ट बदलावी आणि शक्य असल्यास जुनी व नवी रीत आलटून पालटून घ्यावी, म्हणजे दिवसभरात बदलणाऱ्या उष्णतेचा आणि दमटपणाचा परिणाम एकाच बाजूला पडणार नाही.

दोष गेला आणि पुन्हा आला तर

वहीत प्रत्येक संचापुढे हवेचे तापमान, दमटपणा, दारूच्या डब्याचा लॉट क्रमांक, कापडाच्या थानाची खूण आणि पुसण्याची रीत लिहिलेली असावी. दोष परतला की मागचा चांगला संच आणि आजचा संच शेजारी ठेवून काय वेगळे आहे ते पाहावे. बहुतेक वेळा उत्तर तीनपैकी एक निघते: कापडाचे नवे थान दाबल्यावर पातळ भरते, दारूचा नवा लॉट थोडा वेगळा जळतो, किंवा हवा कोरडी पडून काजळी टणक झाली आहे. पहिल्याला मायक्रोमीटर लावावा, दुसऱ्यासाठी मात्रा नव्याने ठरवावी आणि ती ठरवताना कमी मात्रेपासून वर जावे. तिसऱ्यासाठी पुसण्याची चिंधी एक पायरी जास्त दमट करून दहा बारांचा संच पुन्हा घ्यावा. या तिन्हींनीही फरक पडला नाही तर निपल किंवा कानाचा आतला तुकडा काढून भिंगाखाली पाहावा, कारण ते भोक हळूहळू झिजते आणि रोजच्या वापरात ती झीज लक्षात येत नाही.